गोग : फ्यून बेटावरच्या तीन गावांचा हँडबॉल क्लब

ओडेन्सवासी

हाताला राळ लागली की ती साध्या साबणानं निघत नाही. गोडंतेल चोळून मग धुवावं लागतं. हे मला डेन्मार्कमधल्या गुद्मे नावाच्या गावातल्या क्रीडागृहात कळलं. सामना संपल्यावर लहान पोरं मैदानात उतरून गोलावर चेंडू मारत होती. त्यातल्या एकाचा चेंडू माझ्याकडे आला, मी तो उचलला आणि तो हातालाच चिकटला. हँडबॉलचे खेळाडू चेंडूवरची पकड पक्की व्हावी म्हणून बोटांना राळ लावतात. जवळून पाहिलं तर त्यांच्या बुटांच्या कडेलाही राळेचा एक गोळा थापलेला असतो. खेळता खेळता वाकायचं, दोन बोटं त्यावर टेकवायची आणि पुढच्या चेंडूला तयार.

ज्या क्लबबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव गोग. डॅनिश लोक एकेक अक्षर सुटं म्हणतात, गे-ओ-गे. गुद्मे, ओउरे आणि गुद्ब्येर्ग या तीन गावांची ही आद्याक्षरं. फ्यून बेटाच्या आग्नेय टोकाला, स्वेन्बोर्ग शहराच्या पलीकडे, शेतांमध्ये वसलेली ही गावं. 1973 साली तिन्ही गावांनी आपापले हँडबॉलचे संघ एकत्र केले, कारण एकेकट्या गावाला पुरेशी पोरं मिळत नव्हती. गुद्मेची वस्ती आजही हजाराच्या आसपास आहे. आपल्याकडच्या हिशेबानं ही एक वाडीच झाली. आणि या वाडीचा पुरुष संघ डेन्मार्कचा नऊ वेळा विजेता आहे: 1992, 1995, 1996, 1998, 2000, 2004, 2007, 2022 आणि 2023.

गुद्मे या नावाचा अर्थ 'देवांचं घर'. लोहयुगात इथे मोठं सत्ताकेंद्र होतं. उत्खननात सोन्याचे साठे आणि प्रचंड मोठ्या लाकडी दालनाचे अवशेष सापडले आहेत. आज गावातली सगळ्यात मोठी इमारत कोणती म्हणाल तर हँडबॉलचं क्रीडागृह.

नव्वदच्या दशकात गोगचा दबदबा होता. महिलांचा संघही तेव्हा देशात अव्वल होता. पुरुषांच्या संघात निकोलाय याकोबसेन हा डाव्या विंगचा खेळाडू होता. पुढे जर्मनीतल्या कीलकडून खेळून तो प्रशिक्षक झाला, आणि त्याच्याच हाताखाली डेन्मार्कनं 2019, 2021, 2023 आणि 2025 असे सलग चार विश्वचषक जिंकले. 2000नंतर कोल्डिंग या युटलंडच्या, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य भूमीवरच्या क्लबनं देशातली मक्तेदारी घेतली, गोगला अधूनमधूनच विजेतेपद मिळालं. 2007चं विजेतेपद मिळालं तेव्हा संघात एकोणीस वर्षांचा मिकेल हान्सेन होता. उंच, लांब केसांचा, कपाळाला पट्टा बांधणारा. पुढे तो तीनदा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला: 2011, 2015 आणि 2018.

त्या काळात क्लबनं स्वेन्बोर्गच्या क्लबशी हातमिळवणी केली होती आणि नाव लांबून 'गोग स्वेन्बोर्ग टीजीआय' झालं होतं. नावाबरोबर खर्चही वाढला. मोठे पगार, मोठी स्वप्नं, आणि त्याच सुमारास 2008चं आर्थिक संकट. स्थानिक प्रायोजकांचे हात आखडले. 26 जानेवारी 2010 रोजी, ऐन हंगामात, व्यावसायिक संघ दिवाळखोरीत गेला. संघ लीगमधून बाहेर, खेळाडू जिथे जागा मिळेल तिथे पांगले. गोलरक्षक निकलास लांदिन तेव्हा तिथेच होता. आज त्याला या खेळातल्या थोर गोलरक्षकांत गणतात.

मला या क्लबचा लळा लागला तो इथून पुढच्या गोष्टीमुळे. गोग संपला नाही. लांबलेलं नाव गळून पडलं, तीन अक्षरं राहिली. पोरांचे संघ रोज संध्याकाळी सरावाला येतच होते. त्यांचे आईवडील कँटीन चालवत होते, तिकिटं फाडत होते. क्लब खालच्या श्रेणीत खेळला, काही वर्षांत पुन्हा वरच्या लीगमध्ये आला, आणि या वेळी विकतच्या खेळाडूंपेक्षा घरी घडवलेल्या खेळाडूंवर उभा राहिला. ओउरे गावात खेळाला वाहिलेल्या निवासी शाळा आहेत, तिथे दूरदूरची मुलं येऊन राहतात. युटलंडच्या पश्चिमेकडून, श्केर्नजवळच्या खेड्यातून, एक शिडशिडीत डावखुरा मुलगा असाच इकडे आला. त्याचं नाव मथियास गिडसेल. तोक्यो ऑलिंपिक, 2023चा विश्वचषक, पॅरिस ऑलिंपिक, 2025चा विश्वचषक, या चारही स्पर्धांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

2007 ते 2022 अशी पंधरा वर्षं वाट पाहून गोगनं पुन्हा विजेतेपद मिळवलं. माझ्या हापिसातला एक सहकारी गुद्मेजवळचा आहे, पन्नाशीचा, एरवी अगदी अबोल. त्या विजयानंतरच्या सोमवारी तो सगळ्यांसाठी केक घेऊन आला आणि कापताना त्याचे डोळे भरून आले होते.

हँडबॉलबद्दल कुणाला काही माहिती असेल, कुणी खेळलं असेल तर जरूर लिहा.

---

रानवारा

लेख आवडला. शाळेत गोलाफेकीच्या बाजूला हँडबॉलचं मैदान आखलेलं आठवतं, पण खेळ कधी कळला नाही. थोडक्यात नियम सांगाल का? आणि वेळ किती?

---

फक्की_आणि_दोरी

मी सांगतो. सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे, अकरा वर्षं मुलींचा हँडबॉल संघ घेतो.

मैदान 40 मीटर लांब, 20 रुंद. दोन्हीकडे सात-सात खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. गोल 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच. गोलासमोर सहा मीटरवर जी वळणदार रेघ असते तिच्या आतल्या भागाला आम्ही डी म्हणतो. डीमध्ये फक्त गोलरक्षकाचे पाय चालतात. पण रेघेच्या बाहेरून उडी मारायची आणि हवेत असताना, जमिनीला पाय लागायच्या आत चेंडू मारायचा, हे चालतं. खेळाची खरी मजा त्या उडीत आहे. चेंडू हातात घेऊन तीन पावलं, तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. सात मीटरवरून पेनल्टी. कुणाला धसमुसळेपणानं पाडलं तर दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ तुमचा संघ एकानं कमी. दोन डाव, प्रत्येकी तीस मिनिटं. शालेय गटात वेळ कमी असते.

अजून एक. चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत वेळ काढलात तर पंच हात वर करतो. त्यानंतर चार पासच्या आत गोलावर मारावा लागतो. आधी सहा पास मिळायचे, 2022पासून चार. कबड्डीतल्या 'डू ऑर डाय' चढाईसारखं समजा, पोरींना मी तसंच समजावतो आणि लगेच कळतं.

ओडेन्सवासी, राळेबद्दल वाचून बरं वाटलं. आमचं मैदान मातीचं. राळ लावली तर चेंडूचा लाडू होईल. आमच्या मुली हाताला माती चोळूनच खेळतात.

---

अबोली

पुरुषांच्या हँडबॉलवर सगळे बोलतात, पण डेन्मार्कला हँडबॉलचं वेड लावलं ते बायकांनी. 1996, 2000 आणि 2004 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये डॅनिश महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. पुरुषांचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आलं 2016मध्ये, म्हणजे वीस वर्षांनंतर.

क्लबांच्या पातळीवरही हेच. युरोपातली सर्वोच्च स्पर्धा चॅम्पियन्स लीग. डेन्मार्कच्या एकाही पुरुष क्लबनं ती जिंकलेली नाही. महिलांच्या क्लबांनी सात वर्षांत सहा वेळा जिंकली! स्लागेल्सेनं 2004, 2005 आणि 2007मध्ये, विबोर्गनं 2006, 2009 आणि 2010मध्ये. दोन्ही शहरं आपल्या तालुक्याच्या गावाएवढी.

स्लागेल्सेची प्रशिक्षक होती आन्या आंदेर्सेन. खेळाडू म्हणून 1996च्या सुवर्णविजेत्या संघात होती. हृदयाच्या तक्रारीमुळे लवकर खेळ सोडावा लागला आणि मग ती प्रशिक्षक झाली. तिच्या संघात मॉन्टेनेग्रोची बोयाना पोपोविच खेळायची. या बाईनं स्लागेल्सेकडून तीन, मग विबोर्गकडून दोन, आणि 2012मध्ये मायदेशच्या बुदुच्नोस्तकडून एक, असे सहा चॅम्पियन्स लीग करंडक जिंकले. त्यातले पाच डॅनिश क्लबांकडून, हे लक्षात घ्या. मी तिचे जुने सामने बघते तेव्हा दरवेळी एकच गोष्ट नजरेत भरते: चेंडू हातात यायच्या आधीच तिला पुढचा पास माहीत असतो. मान वळवत नाही, तरी चेंडू बरोबर तिसरीच्या हातात.

आता स्लागेल्सेचं ते वैभव राहिलं नाही आणि 2010नंतर कुठल्याही डॅनिश महिला क्लबला हा करंडक मिळालेला नाही. तुमच्याच ओडेन्सचा संघ 2025मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि हंगेरीच्या ग्योरकडून हरला. त्या रात्री मी फार हळहळले. धागा गोगवर आहे हे मान्य, पण ओडेन्समध्ये राहून त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत याचं वाईट वाटलं.

---

ओडेन्सवासी

अबोली, तुमचं म्हणणं रास्त आहे. ती अंतिम लढत मी शहरातल्या एका चौकात पडद्यावर पाहिली. शेवटच्या दहा मिनिटांत आजूबाजूला कुणी बोलत नव्हतं. वेगळा धागा काढतो त्यावर.

गोगच्या संदर्भात एक दुवा मात्र इथेच सांगतो. 2000 आणि 2004चं सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाचे प्रशिक्षक यान पिटलिक. त्यांचा मुलगा सिमोन. स्वेन्बोर्गला लागून असलेल्या थुरो बेटावर वाढला, गोगमध्ये घडला, 2022 आणि 2023च्या विजेत्या संघात होता. 2023च्या विश्वचषकात तर त्यानं धमाल केली. म्हणजे बापानं देशाच्या महिलांना सुवर्ण मिळवून दिलं आणि मुलगा पुरुषांच्या जगज्जेत्या संघात.

---

पैलतीर

2010 ते 2013 कोपनहेगनला होतो. गोगबद्दल आदर आहे, पण 'विकतचे खेळाडू वाईट, घरचे चांगले' असं चित्र लेखातून उभं राहतं ते मला पटत नाही. मी एजी कोपनहेगनचा समर्थक होतो, आणि तो क्लब दोनच वर्षं जगला तरी मला त्याची लाज वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: येस्पर नील्सन नावाचा उद्योजक, पँडोरा दागिन्यांच्या जर्मनीतल्या व्यवसायातून श्रीमंत झालेला. त्यानं 2010मध्ये राजधानीच्या परिसरातले दोन संघ एकत्र करून हा क्लब उभा केला. बार्सिलोनाहून मिकेल हान्सेनला परत आणलं. आइसलँडचा ओलाफुर स्तेफान्सोन, गुड्योन वालुर सिगुर्दसोन, डेन्मार्कचा अनुभवी गोलरक्षक कास्पर व्हित, योआकिम बोल्सेन... एकेक नाव म्हणजे पोस्टर. पहिल्याच हंगामात लीग जिंकली.

21 मे 2011. लीगची निर्णायक लढत, समोर ब्येरिंगब्रो-सिल्केबोर्ग. सामना क्रीडागृहात नव्हता, पार्केनमध्ये होता, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघाच्या घरच्या स्टेडियममध्ये. गवतावर लाकडी मैदान घातलेलं. प्रेक्षक 36,651. क्लब हँडबॉलच्या सामन्याला तोवर जगात कुठेही एवढी गर्दी झाली नव्हती. मी वरच्या सज्जात होतो, खेळाडू अंगठ्याएवढे दिसत होते. शेजारी एक आजी होत्या, त्यांच्या मांडीवर नातू झोपलेला. त्या मला म्हणाल्या, मी लहानपणी शेतावरच्या गोठ्यामागे हँडबॉल खेळायचे, तो इथे येईल असं वाटलं नव्हतं. एजी 30-21 जिंकले.

पुढच्या वर्षी पुन्हा लीग. चॅम्पियन्स लीगमध्ये गतविजेत्या बार्सिलोनाला उपांत्यपूर्व फेरीत बाहेर काढलं. जर्मनीतल्या कोलोनला अंतिम चारमध्ये अॅटलेटिको माद्रिदकडून दोन गोलांनी हरले, तिसऱ्या क्रमांकाची लढत जिंकली. आणि 31 जुलै 2012ला क्लब दिवाळखोरीत. नील्सननं पैसा काढून घेतला आणि दुसरा वाली कुणी नव्हता. मी पुढच्या हंगामाचं तिकीट काढलेलं होतं. ते कार्ड अजून पाकिटात आहे.

पण मला सांगा, त्या आजींच्या नातवानं पार्केनमध्ये जे पाहिलं ते गुद्मेच्या छोट्या क्रीडागृहात दिसलं असतं का?

---

ओडेन्सवासी

@पैलतीर, फार छान लिहिलंत. त्या सामन्याला तुम्ही होतात याचा मला हेवा वाटतो.

विकतचे खेळाडू वाईट असं मला म्हणायचं नव्हतं. गोगच्या 2022 आणि 2023च्या संघांतही गोलात परदेशी होते, आइसलँडचा विक्तोर हालग्रिम्सोन आणि नॉर्वेचा तोर्ब्योर्न बेर्गेरूड. मला दिसतं ते असं: पार्केनच्या त्या सामन्यात एका बाजूला मिकेल हान्सेन होता आणि दुसऱ्या बाजूला, सिल्केबोर्गच्या संघात, निकलास लांदिन. दोघंही गोगमधून गेलेले. म्हणजे गोग स्वतः खालच्या श्रेणीत झुंजत होता तेव्हा 36,651 लोक त्यानं घडवलेले खेळाडू बघत होते.

आणि एजी बुडाल्यावर काय राहिलं? करार संपले, हान्सेन पॅरिसला गेला, बाकीचे कुठे कुठे. गोग बुडाल्यावर गुद्मेत सोमवारी संध्याकाळी पाच वाजता दहा वर्षांखालच्या पोरांचा सराव होता, आणि तो झाला.

---

जमाखर्च

एक प्रश्न. क्लब दिवाळखोरीत गेला म्हणता, मग तोच क्लब खालच्या श्रेणीत खेळला कसा? दिवाळखोरी म्हणजे सगळंच लिलावात जायला हवं.

---

ओडेन्सवासी

@जमाखर्च, चांगला प्रश्न. इथे दोन वेगळ्या संस्था असतात. एक मूळ क्लब, म्हणजे सभासदांचं मंडळ. डॅनिशमध्ये त्याला 'फोरेनिंग' म्हणतात. वर्गणी भरणारे सभासद, वार्षिक सभा, निवडलेली कार्यकारिणी, बिनपगारी माणसं. गावच्या मुलांचे, बायकांचे, म्हाताऱ्यांचे संघ या मंडळाचे. दुसरी संस्था म्हणजे व्यावसायिक संघ चालवणारी कंपनी. पगार, प्रायोजक, तिकीट हे सगळं तिच्याकडे. लीगमध्ये खेळण्याचा हक्क मुळात मंडळाचा, कंपनी तो वापरते. कंपनी बुडाली की वरच्या लीगमधली जागा जाते, देणी कंपनीच्या डोक्यावर राहतात, पण मंडळ जिवंत असतं आणि खालून पुन्हा सुरुवात करू शकतं.

डेन्मार्कच्या गावागावांत ही मंडळं आहेत. इथे आलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'एखाद्या फोरेनिंगमध्ये जा' असा. मी गेलो तो गोगच्या नव्हे, ओडेन्समधल्याच एका छोट्या क्लबच्या कँटीनमध्ये. महिन्यातून दोन रविवार कॉफी ओततो आणि पाव भाजतो. माझं अर्धं डॅनिश तिथेच शिकून झालं.

---

रंकाळा

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. पेठेचा संघ, पेठेची पोरं, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ गॅलरीत. संघ हरला म्हणून तालीम बंद पडली असं कुणी ऐकलं नाही. फरक एवढाच की आमच्या पोरांना पुढे जर्मनीसारखी जागा नाही. चांगला खेळाडू पंचविशीत पोचला की नोकरी शोधतो.

गोगच्या पोरांना ती जागा मिळते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. त्यातून क्लबला पैसे मिळतात का?

---

ओडेन्सवासी

हो, करार चालू असताना खेळाडू गेला तर मिळतात. आणि ते जातातच. लासे मोलर 2020ला जर्मनीतल्या फ्लेन्सबोर्गला, एमिल याकोबसेन 2021ला तिथेच, गिडसेल 2022ला फ्युक्से बर्लिनला. 2023च्या उन्हाळ्यात सिमोन पिटलिक आणि प्रशिक्षक निकोलाय क्रिकाउ दोघंही फ्लेन्सबोर्गला. पुढच्या वर्षी एमिल मॅडसेन कीलला. गिडसेल गेल्यावर गोग संपला असं सगळे म्हणत होते. त्याच हंगामात त्यांनी पुन्हा लीग जिंकली आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. तिथे बार्सिलोनानं रोखलं.

दरवर्षी घरातलं कुणीतरी परगावी जातं, तरी क्लब दरवर्षी नवा संघ उभा करतो. हे मला विजेतेपदापेक्षा कठीण वाटतं.

---

पैलतीर

तुमचा मुद्दा कळला. तरी ओल्बोर्गचं नाव घेतल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. 2010च्या जानेवारीत गोग बुडाला, त्याच वर्षी मे महिन्यात ओल्बोर्गनं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून देशातला सगळ्यात बलाढ्य क्लब तोच. शहराचा क्लब, पैसा आहे, पण एका माणसाच्या खिशावर अवलंबून नाही. 2021मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेलेला पहिला डॅनिश पुरुष संघ. तेव्हा बार्सिलोनानं तेरा गोलांनी धुतलं, 36-23. तीन वर्षांनी पुन्हा कोलोन, पुन्हा बार्सिलोना. 31-30. एका गोलानं हरले.

त्या संघात कोण होतं? कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यावर घरी परतलेला मिकेल हान्सेन, आणि गोलात लांदिन. म्हणजे तुमचे गोगचेच दोघं. शिटी वाजल्यावर मी बराच वेळ टीव्ही बंद केला नाही. दोनच महिन्यांनी पॅरिसला जर्मनीला 39-26 हरवून दोघांनी ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि देशाच्या संघाचा निरोप घेतला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

---

आजोबा_पुणे

वय 78. हँडबॉल खेळलेलो नाही. पण धागा वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. आम्हाला शाळेत स्काउटमध्ये बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणायची 'होल्गर नील्सन पद्धत' शिकवत. माणसाला पालथं झोपवायचं, पाठीवर दाब द्यायचा, मग कोपराकडून हात वर उचलायचे. मास्तर आकडे मोजत आणि आम्ही जोडीजोडीनं करत असू. हा नील्सन डॅनिश होता एवढं आठवतं. त्याचा या खेळाशी काही संबंध आहे का?

---

अबोली

काका, संबंध आहे, आणि तोच माणूस आहे! होल्गर नील्सन हे कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपच्या शाळेत व्यायामशिक्षक होते. पोरांच्या फुटबॉलमुळे काचा फुटायला लागल्या म्हणून हातानं खेळायचा खेळ 1898च्या सुमारास तिथे रुजला असं सांगतात. त्याचे नियम त्यांनी लिहून 1906मध्ये छापले. 1896च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी पदकंही मिळवली होती. आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची तुम्ही सांगितलेली पद्धत त्यांनी 1930च्या दशकात, उतारवयात मांडली. तोंडावाटे श्वास देण्याची पद्धत रूढ होईपर्यंत ती जगभर शिकवली जायची. तुम्ही पुण्यात ती शिकलात हे वाचून अंगावर काटा आला.

---

आजोबा_पुणे

धन्यवाद. साठ-पासष्ट वर्षांनी मास्तरांची आठवण पूर्ण झाली.

---

रानवारा

भारतात या खेळाचं काय चाललंय? 2023ला जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली होती आणि पहिलं विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेननं घेतलं होतं, एवढं वाचल्याचं आठवतं.

---

फक्की_आणि_दोरी

बरोबर आठवतंय. आमच्या मुलींनी ते सामने माझ्या मोबाइलवर पाहिले, आठ जणी एका फोनभोवती. पण शाळेत मुली खेळतात ते तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या शालेय स्पर्धांसाठी आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यात काही गैर नाही, त्या गुणांमुळे दोघींना हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळाला. मात्र दहावी झाली की नव्वद टक्के मुलींचा खेळ सुटतो. शाळा सुटली की खेळायला जागाच उरत नाही. ओडेन्सवासींनी फोरेनिंगबद्दल लिहिलं ते मी दोनदा वाचलं.

एक विचारायचं आहे. गिडसेल डावखुरा आहे म्हणालात. तो मैदानात कुठे उभा राहतो, आणि सरावात त्याच्याकडून काय करून घेत असतील?

---

ओडेन्सवासी

उजव्या बाजूला, बॅकच्या जागी. तुम्हाला माहीतच आहे की उजव्या बाजूनं डाव्या हाताला गोल मोठा दिसतो. एमिल मॅडसेनही डावखुरा, त्याच जागेवरचा. गोगनं एकामागून एक दोन डावखुरे दिले.

गिडसेल गोगमध्ये होता तेव्हा त्याला मी सामन्याआधी सराव करताना पाहिलंय, 2021च्या हिवाळ्यात. मारण्याचा सराव त्यानं थोडाच केला. बराच वेळ तो दोन बचावपटूंच्या मधल्या फटीकडे धावत जायचा, शेवटच्या पावलाला खांदा फिरवायचा आणि थांबायचा. चेंडू हातात नाही. पुन्हा मागे, पुन्हा धाव. वीस-पंचवीस वेळा. त्याच्याहून आडदांड खेळाडू त्याला धरायला जातात आणि त्यांच्या हाती काही लागत नाही, ते त्या पावलामुळे. त्याच्या सामन्यांचे तुकडे मंदगतीत बघा, वरचं शरीर सोडून फक्त पाय बघा.

---

फक्की_आणि_दोरी

विचारायचं कारण सांगतो. आठवीत एक मुलगी आहे. उजव्या हातानं खेळते, बरी खेळते, पण मारलेला चेंडू जोरात जात नाही. परवा मधल्या सुट्टीत तिला शाळेमागच्या चिंचेवर दगड मारताना पाहिलं. डाव्या हातानं. तीन दगड, तीन आकडे खाली. विचारलं तर म्हणाली, आजी डाव्या हातानं काही करू देत नाही म्हणून शाळेतही नाही करत.

काल तिच्या घरी जाऊन आलो. आजींना गिडसेलचे सामने दाखवले. आधी म्हणाल्या, हा पोरगा कोण? मग बराच वेळ बघत राहिल्या. जेवण, देवाचं आणि लिहिणं उजव्याच हातानं, खेळात काय करायचं ते करू दे, असं ठरलंय.

सोमवारी पहाटे फक्की ओढली की तिला उजव्या बाजूला उभी करतोय. आधी चेंडूशिवाय, नुसती पावलं.